रेडिओची अक्कल कुठे असते?

हौशी रेडिओचालकाच्या, म्हणजे 'हॅम'च्या, खोलीत काही दिवसांपूर्वी आम्ही एक साधासा प्रसंग पाहिला. टेबलावर ट्रान्सीव्हर होता. ट्रान्सीव्हर म्हणजे ज्यातून संदेश पाठवताही येतो आणि ऐकताही येतो असा संच. संगणकापासून त्याच्याकडे एक केबल गेली होती. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती आणि खाली सूचना होती : काम पूर्ण होईपर्यंत संच बंद करू नये. संचाच्या मालकांचे लक्ष मात्र पट्टीपेक्षा छताच्या पंख्याकडे अधिक होते. पंखा थांबला म्हणजे वीज गेली, आणि वीज गेली म्हणजे कदाचित संचही गेला!

पाचएक मिनिटांनी पट्टी भरली. एकही स्क्रू काढला नव्हता, डागकामही केले नव्हते. तरी क्षीण संदेश आता पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू येत होते. संचाच्या आत नेमके काय बदलले? आणि ते बदलताना एवढी धास्ती कशासाठी? याची उत्तरे शोधायची तर थोडे मागे जावे लागते.

१९५० च्या दशकातला रेडिओ उघडला की त्याची सारी अक्कल डोळ्यांना दिसे. कोणती वारंवारता घ्यायची हे तारेचे वेटोळे आणि कंडेन्सर ठरवीत. शेजारच्या वारंवारतेवरची गडबड गाळण्याचे काम चांगल्या संचात क्वार्ट्‌झच्या स्फटिकांची गाळणी करी. बोलणे समजण्यासाठी सुमारे २,४०० हर्ट्‌झ रुंदीची वाट लागते. मोर्सच्या 'कट्ट-कड'ला ५०० हर्ट्‌झही पुरतात. दोन्ही हवे असतील तर दोन गाळण्या विकत घ्यायच्या. संचाचा स्वभाव बदलायचा तर भाग बदलायचा, असा सरळ हिशेब होता.

पुढे संचात सूक्ष्मप्रक्रियक आला आणि त्याच्याबरोबर आज्ञावलीही आली. यंत्रातच मुक्काम करणाऱ्या अशा आज्ञावलीला आज 'फर्मवेअर' म्हणतात. हा शब्द अ‍ॅशर ओप्लर यांनी १९६७ साली 'डेटामेशन' या नियतकालिकात प्रथम वापरला. हार्डवेअर कठीण, सॉफ्टवेअर मऊ. हे त्या दोहोंच्या मधले, घट्ट दह्यासारखे! ओप्लर यांना प्रक्रियकाच्या अगदी आतल्या सूक्ष्म आज्ञा अभिप्रेत होत्या. पुढे अर्थ विस्तारला.

ही आज्ञावली ठेवायची कुठे, हा प्रश्न पुढची काही दशके पुरला. १९७१ मध्ये इंटेल कंपनीत डोव्ह फ्रोमन यांनी पुसता येईल अशी कायम स्मृती तयार केली. या चिपेला क्वार्ट्‌झची छोटी खिडकी असे. त्या खिडकीतून पंधरा-वीस मिनिटे अतिनील किरण सोडले की आतला मजकूर पुसला जाई. मग वेगळ्या यंत्रावर नवा मजकूर भरायचा आणि चिप पुन्हा संचात बसवायची. काम किचकट, पण बिनधोक.

१९८० च्या दशकात काही जपानी संचांनी निराळी वाट धरली. त्यांची आज्ञावली साध्या, वीज जाताच सारे विसरणाऱ्या स्मृतीत होती आणि नाण्याएवढी एक लिथियमची बॅटरी ती स्मृती जागी ठेवी. काही वर्षांनी बॅटरी संपली, की एकही भाग बिघडलेला नसताना संच ठार मुका होई. शहाण्या हॅम मंडळींनी त्यातला मजकूर वेळीच वाचून घेतला आणि कायम टिकणाऱ्या स्मृतीत भरला. म्हणून त्यांतले अनेक संच वाचले.

आज्ञावली दुरून बदलण्याचा अनुभवही हॅम मंडळींनी लवकर घेतला, आणि तोही अवकाशात. १९८३ च्या जूनमध्ये सोडलेल्या 'ऑस्कर-१०' या हौशी उपग्रहातल्या संगणकाला जमिनीवरून रेडिओनेच आज्ञा चढवता येत. परंतु अवकाशातल्या किरणांनी त्याची स्मृती हळूहळू खिळखिळी केली आणि १९८६ च्या अखेरीस नवी आज्ञावली चढवणे अशक्य झाले. प्रेषक शाबूत होता, सूर्यप्रकाशातून वीज मिळत होती, पण सांगितलेले समजून घेणारी जागाच उरली नव्हती. त्यानंतरही कित्येक वर्षे ऊन मिळेल तेव्हा तो उपग्रह संदेश पुढे पाठवीत राहिला. मात्र त्याला वळण लावणे कोणाच्या हाती राहिले नाही.

आज आपण वापरतो ती 'फ्लॅश' स्मृती तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जगापुढे मांडली. ती वीज गेली तरी विसरत नाही आणि संचातून न काढता विजेनेच पुसता येते. पण तिची एक खोड आहे. तिच्यातले एखादेच अक्षर खोडून सुधारता येत नाही. अख्खा चौकोन पुसावा लागतो आणि मग त्यावर नव्याने लिहावे लागते. आपल्या फळ्याचे उदाहरण घेऊ. जुना धडा पुसला, नवा लिहायला घेतला आणि तेवढ्यात मुख्याध्यापकांचे बोलावणे आले, तर फळ्यावर ना जुना धडा ना नवा. संचाचे असेच होते, तेव्हा हॅम मंडळी 'संचाची वीट झाली' असे म्हणतात. पंख्याकडे लागलेल्या त्या नजरेचे कारण हे.

आता संचाचा प्रश्न अधिकच बिकट झाला, कारण त्याची जवळजवळ सगळीच अक्कल आज्ञावलीत गेली. जोसेफ मिटोला यांनी १९९२ च्या एका निबंधात 'सॉफ्टवेअर रेडिओ'ची कल्पना मांडली. २००२ मध्ये जेराल्ड यंगब्लड या अमेरिकन हॅमने 'क्यूईएक्स' या हौशी तंत्रविषयक अंकात लेखमाला सुरू करून घरचा संगणक आणि त्यातले साउंड कार्ड वापरून असा संच कसा करावा हे दाखवले. पुढे हे गणित संचातल्याच चिपांकडे आले; २०१६ च्या 'आयसी-७३००' सारख्या संचात फर्मवेअर मेमरी कार्डावरूनही बदलता येते.

इथे अँटेनातला विद्युतदाब सेकंदाला लाखो वेळा मोजून त्याचे आकडे केले जातात आणि पुढचे सारे काम आकड्यांवर चालते. गाळणीदेखील आकड्यांचीच! वर्गात करून पाहावे : ४, १०, ४, १०, ४, १० ही माळ घ्या आणि दर तीन शेजाऱ्यांची सरासरी काढा. ६, ८, ६, ८ असे उत्तर येते. झपाझप होणारा चढउतार ६ चा होता, तो २ वर आला. सावकाश बदलणारी माळ घेतली तर ती जवळपास तशीच राहते. खऱ्या संचात सरासरीऐवजी शेकडो गुणक असतात. गुणक बदलले की गाळणी बदलली. त्या दिवशी केबलमधून गेले ते असेच काही आकडे आणि आज्ञा.

धोका टाळण्याची युक्तीही आपल्या परिचयाची आहे. फळ्याच्या कोपऱ्यात चौकट आखून आपण 'पुसू नये' असे लिहितो. संचाच्या स्मृतीतही असा एक कोपरा राखतात. त्याला 'बूटलोडर' म्हणतात. त्याला रेडिओतले काही कळत नाही. नवा मजकूर घेणे, तो जागेवर लिहिणे आणि सगळा नीट आला की नाही याचा ताळा पाहणे एवढेच तो जाणतो. गुणाकारानंतर आपण नवाचा ताळा करतो, त्याच जातीची ही पडताळणी. हा कोपरा शाबूत असला, तर वीट झालेला संच बहुधा पुन्हा उठवता येतो.

मात्र आणखी एक प्रश्न उरतो : फळ्यावर लिहायचे कोणी? नुसत्या आज्ञा बदलून संच भलत्याच वारंवारतेवर, म्हणजे विमानांच्या वा पोलिसांच्या वाटेवर, बोलू लागला तर? म्हणून अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने २००१ मध्ये अशा संचांसाठी नियम केले, तेव्हा अनधिकृत फेरफार रोखण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. भीती खरी आहे. परंतु सगळ्या किल्ल्या उत्पादकाकडेच राहिल्या, तर त्याने लक्ष काढून घेतल्यावर चांगला संचही बेवारस होतो. दुसरी वाट हैदराबादच्या अशर फरहान यांनी दाखवली. २०१७ मधल्या त्यांच्या 'मायक्रोबिटएक्स' या स्वस्त संचाचा मेंदू म्हणजे एक अर्डुइनो नॅनो. त्याची आकृती आणि आज्ञावली दोन्ही सर्वांसाठी खुल्या आहेत, आणि अनेकांनी ती आज्ञावली आपापल्या गरजेनुसार पुन्हा लिहिली.

हौशी परवाना परीक्षा घेऊनच दिला जातो. त्या परीक्षेत विजेची आणि रेडिओची मूलतत्त्वे विचारतात, तसेच नियमही विचारतात. ज्याला आत काय आहे ते समजते आणि त्याची जबाबदारी जो घेतो, त्याच्या हाती किल्ली असावी, असे आम्हांला वाटते. स्फटिकाच्या काळी रेडिओ उघडून दाखवला की निम्मा धडा होई. आज उघडून फारसे काही दिसत नाही; म्हणून समजावून सांगण्याचे काम शिक्षकाकडे अधिक आले आहे.

त्या दिवशी पंखा फिरत राहिला. तो थांबला असता, तरी आमचे यजमान घाबरून गेले नसते. आपल्या संचातला तो न पुसलेला कोपरा कुठे आहे, हे त्यांना ठाऊक होते.