लेण्याद्रीचा उघडा व्यवहार आणि कौटिल्याचा कपटी विद्यार्थी

राष्ट्रीय सुरक्षेच्या गुप्तवार्ता कामात सरकार, खासगी कंपन्या आणि विद्यापीठे यांनी हातात हात घालावेत, ही कल्पना हल्ली आधुनिक म्हणून मिरवली जाते. आधुनिक कसली! कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिचा आराखडा तयार आहे. एका जागी बसून काम करणाऱ्या हेरांचे पाच प्रकार तिथे आहेत: कपटी विद्यार्थी, संन्यासातून परतलेला परिव्राजक, उपजीविका बुडालेला शेतकरी, धंदा बुडालेला व्यापारी आणि तापस. तापस मुंडन केलेला असो वा जटाधारी, दोन्ही चालतात. मुंडन म्हटले की भिक्खूचा वेश त्यात आलाच. विद्या, व्यापार आणि चीवर, तिन्ही राजाच्या खजिन्यातून पोसायचे, आणि बहुतेकदा माणसाची नड हेरून.

अर्थशास्त्राचा आजचा पाठ अनेक अभ्यासक इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला मानतात. साधारण त्याच काळात जुन्नरच्या डोंगरात दुसरी एक भागीदारी कोरली जात होती. लेण्याद्रीला लोक आज गिरिजात्मजाच्या दर्शनाला जातात. ज्या सातव्या लेण्यात ती मूर्ती आहे तो मुळात भिक्खूंचा विहार. शेजारच्या सहाव्या लेण्यातले चैत्यगृह कल्याणच्या एका दात्याने दिले, हे तिथल्या शिलालेखात आहे. जुन्नर परिसरातल्या लेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिल्याची नोंद सापडते. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणीही तिथे भेटतात. नाणेघाटाची वाट सातवाहनांची, माल व्यापाऱ्यांचा, अध्ययन भिक्खूंचे. व्यापाऱ्यांना पुण्याबरोबर सुरक्षित वाटही हवी असणार. आम्ही त्यांना संत ठरवत नाही. पण कोणी, काय, कोणाला दिले, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असे दगडावर लिहिले होते.

आपल्या चळवळीच्या वाट्याला मात्र कौटिल्याचीच परंपरा आली. महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये बाबासाहेबांच्या चळवळीच्या साधनांचा पहिला खंड काढला. त्यात ब्रिटिश काळातले पोलिसांचे गुप्त अहवाल आहेत. आपल्या सभांचा इतिहास पाळत ठेवणाऱ्याच्या वहीतून वाचावा लागतो!

आता याच पुणे जिल्ह्यातले भीमा कोरेगाव प्रकरण पाहा. १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचारानंतर प्राध्यापक, वकील, कवी तुरुंगात गेले. जानेवारी २०२० मध्ये तपास एनआयएकडे गेला. डॉ. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० ला, भीमजयंतीच्या दिवशी, शरण आले. त्याआधी २०१९ मध्येच व्हॉट्सॲपने उघड केले होते की इस्रायलच्या एनएसओ कंपनीच्या पेगाससने सुमारे १,४०० जणांना लक्ष्य केले. त्यात तेलतुंबडेही होते. ही कंपनी आपले हत्यार फक्त सरकारी यंत्रणांना विकते, असे तीच सांगते. तो हल्ला तपासायला टोरंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने मदत केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या आर्सेनल कन्सल्टिंगने रोना विल्सन यांच्या संगणकात बाहेरून शिरून कागदपत्रे पेरल्याचा निष्कर्ष काढला. एनआयएने तो मानला नाही.

म्हणजे कंपनी आणि विद्यापीठ दोन्ही बाजूंना असू शकतात. फरक पडतो तो हिशेब कोणापुढे मांडला यावर. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये तांत्रिक समिती नेमली, तेव्हा तिच्यात आयआयटी मुंबईसह तीन संस्थांचे अध्यापक होते. २९ फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडले, पण ते पेगाससच आहे हे ठरले नाही. सरकारने सहकार्य केले नाही, हे ऑगस्ट २०२२ मध्ये सरन्यायाधीशांनीच भर न्यायालयात सांगितले.

इंटेलिजन्स ब्युरोला आजही संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नाही. माहिती अधिकाराच्या कलम २४ ने त्याला बहुतांशी बाहेर ठेवले आहे. अशा यंत्रणेशी विद्यापीठ करार करणार असेल, तर विद्यार्थी संघटनांनी आधी कराराची प्रत मागावी: पैसा कोणाचा, कोणाची माहिती जाणार, आणि चूक झाली तर दाद कोणाकडे मागायची? आपल्या वस्तीची, वसतिगृहाची, शिष्यवृत्तीची माहिती त्यात आहे का, हे तर पहिल्यांदा विचारा.