हडपसरच्या रणातून मुंबईच्या गोदीत

हडपसरच्या गाडीतळावर तुम्ही बसची वाट पाहत उभे आहात. समोर सोलापूर रस्ता धूर ओकतोय, एका अंगाला सासवडचा फाटा. आषाढीच्या वारीत ज्ञानोबांची आणि तुकोबांची पालखी इथेच एकमेकींचा निरोप घेतात. बस येते, तुम्ही पायरीवर पाय टाकता आणि तो पडतो काळ्या, भुसभुशीत मातीत. पूल नाही, रस्ता नाही. ज्वारीची कोवळी धाटं पोटरीला लागतायत. पूर्वेकडून तोफेचा पहिला आवाज येतो.

तारीख आहे २५ ऑक्टोबर १८०२. दिवाळीचा दिवस. यशवंतराव होळकरांची फौज एका बाजूला, शिंदे आणि पेशवे यांची दुसऱ्या बाजूला. हडपसर, घोरपडी, वानवडी हा सगळा पट्टा आज रणांगण झाला आहे. शिंद्यांच्या कवायती पलटणींच्या तोफा चालू होतात, होळकरांचे स्वार मागे रेटले जातात, आणि मग खुद्द यशवंतराव घोड्यावरून तोफांवर तुटून पडतात. लढाईचा निकाल होळकरांच्या बाजूने लागतो. पेशवे दुसरे बाजीराव पुणं सोडून सिंहगडाकडे निघतात. तिथून रायगड, महाड, सुवर्णदुर्ग असं करत ते समुद्रमार्गे वसई गाठतील आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून बसतील.

तुम्ही मात्र पेशवे नाही. तुम्ही गावचे सुतार, बलुतेदार. नांगर, गाड्याची चाकं, मोटेचा सांगाडा ही तुमची कामं, आणि सुगीला खळ्यावर मिळेल ते बलुतं हे तुमचं उत्पन्न. लढाई एका दिवसात संपते, पण फौजा तिथेच राहतात. घोड्यांना वैरण लागते, माणसांना दाणे लागतात, आणि दोन्ही तुमच्याच शिवारातून जातं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली पुण्यात येतो, बाजीराव पुन्हा गादीवर बसतात, पण पाऊस दगा देतो. लुटीवर दुष्काळ. खळंच नाही तर बलुतं कुठलं? तुम्ही वाकस, पटाशी, सामता आणि करवत एका धडप्यात बांधता आणि पुण्याच्या बाहेर पडणाऱ्या रांगेत सामील होता. खंडाळ्यापर्यंत चालणं, बोरघाट उतरणं, पनवेलच्या बंदरात एका तांडेलाच्या हातापाया पडून मचव्यात जागा मिळवणं. वाटेत काय काय पाहिलंत ते मी इथे लिहीत नाही. त्या दोन वर्षांत देशावरची किती माणसं घाटाखाली उतरली आणि किती पोहोचलीच नाहीत, याचा विचार करतानाही जीव दडपतो.

मुंबईत धक्क्यावर उतरलात की पहिला वास जळक्या लाकडाचा येतो असं वाटतं. फेब्रुवारी १८०३ मध्ये किल्ल्यात मोठी आग लागली होती, घरंच्या घरं राख झाली. आता बांधकाम जोरात आहे. सरकारने आणि शहरातल्या धनिकांनी उपाशी लोकांसाठी अन्नाची सोय केली आहे. तुम्ही त्या पंगतीत बसता, पोटात दोन घास गेल्यावर विचारता, सुताराला काम कुठे मिळेल? कुणीतरी समुद्राकडे बोट दाखवतं.

गोदीत शिरताना सागवानाचा तेलकट वास नाकात भरतो. मलबारच्या जंगलातून समुद्रमार्गे आलेले ओंडके जागोजागी रचलेत. आरेकसांच्या जोड्या ते चिरतायत, एक वर, एक खाली खड्ड्यात, खालच्याच्या डोळ्यांत भुसा. दगडी कोरड्या गोदीत अर्धं जहाज उभं आहे. या गोद्यांतली सगळ्यांत जुनी १७५० सालची. ईस्ट इंडिया कंपनीने ती बांधली, आणि तिच्यामागे जे डोकं होतं ते सुरतेहून १७३६ साली आलेल्या एका पारशी सुताराचं. लवजी नसरवानजी वाडिया. आपल्याबरोबर मूठभर कारागीर घेऊन ते आले आणि पुढे जवळजवळ दीडशे वर्षं मुंबईच्या गोदीची किल्ली त्यांच्या घराण्याच्या हाती राहिली. १७७४ साली लवजी गेले तेव्हा त्यांच्या मागे एक घर आणि थोडीशी रक्कम एवढंच होतं. ज्या माणसाच्या हाताखालून कंपनीची एवढी जहाजं पाण्यात उतरली, त्याने स्वतःसाठी एवढंच ठेवलं ही गोष्ट मला त्यांच्या साऱ्या जहाजांपेक्षा मोठी वाटते.

आता गोदीत सत्ता चालते ती त्यांच्या नातवाची. जमशेटजी बमनजी वाडिया. पांढरा जामा, डोक्यावर पारशी पगडी, खांद्यावर शाल. वय पन्नाशीच्या आसपास. इंग्रज अधिकारी त्यांच्याशी बोलताना आवाज खाली घेतात. तुम्ही हात जोडता.

"शेठ, काम मिळेल का?"

"कुठला रे तू?"

"पुण्याकडचा. हडपसरचा. सुतार आहे."

"चाकं केलीस कधी?"

"बापजन्म तेच केलं, शेठ."

ते एका ओंडक्याकडे नजर टाकतात. वाकडा, कोयत्यासारखा वळलेला. "याचं काय करशील?"

तुम्ही ओंडक्यावरून हात फिरवता, रेषा कुठे वळतायत ते पाहता. सरळ लाकूड कापून त्याला बाक दिला तर रेषा तुटतात आणि तिथेच ते फाटतं. झाड जसं वाकलं तसंच ते वाकड्या जागी बसवायचं. जहाजाचे वांक, म्हणजे पोटाला आकार देणारे ते आडवे बाक, अशाच निसर्गाने वळवलेल्या लाकडातून निघतात. तुम्ही तेवढंच सांगता. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही कामावर.

दिवस जातात तसं तुम्हाला कळत जातं की साहेब लोकांना हे मुंबईचं जहाज इतकं का हवंय. विलायतेत जहाज ओकच्या लाकडाचं बांधतात. ओकमध्ये एक आम्ल असतं, ते लोखंडी खिळे खातं. सागात तेल असतं, ते खिळ्याला जपतं. वाळवी त्याला लागत नाही, तोफेचा गोळा लागला तर ओकसारखे त्याचे ढलपे उडून माणसं मरत नाहीत. फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ ठासायची, पाण्याखालच्या भागाला तांब्याचे पत्रे मारायचे. हे सगळं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, फक्त कामगारांच्या हातांत आहे.

पारशी कारागिरांची एक रीत तुम्हाला फार आवडते. नव्या जहाजाचा पठाण, म्हणजे तळाचा कणा, बसवला की मुख्य कारागीर त्यात चांदीचा खिळा ठोकतो. प्रार्थना होते. सगळे सुतार हातातलं काम टाकून उभे राहतात. मग पुन्हा वाकस चालू.

गोदीत एक गोष्ट दबक्या आवाजात सांगितली जाते. १८०० साली जमशेटजींनी कंपनीसाठी 'कॉर्नवॉलिस' नावाची फ्रिगेट बांधली. काळा माणूस असलं जहाज बांधू शकतो यावर काही साहेबांचा विश्वास नव्हता. म्हणे जमशेटजींनी तळाच्या एका लाकडावर, जिथे कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, कोरून ठेवलं की हे जहाज एका काळ्या माणसाने बांधलंय, आणि त्यात साहेबांचीच शिवी वापरली. कैक वर्षांनी जहाज दुरुस्तीला आलं तेव्हा त्यांनी ते स्वतः दाखवलं. गोष्ट ऐकताना तुमच्या हातातली पटाशी थांबते. अपमान गिळून, काम बिनचूक करून, त्याच कामाच्या पोटात उत्तर ठेवून देणं. असा माणूस तुमचा शेठ आहे.

१९ जून १८१०. मोठ्या जहाजांसाठी बांधलेल्या डंकन गोदीच्या काळातला हा दिवस. ७४ तोफांची 'मिंडेन' पाण्यावर तरंगते. इतकी मोठी लढाऊ बोट विलायतेबाहेर बांधायचं धाडस इंग्रजांच्या आरमाराने पहिल्यांदाच केलं, आणि ते मुंबईच्या सुतारांवर विसंबून. किनाऱ्यावर माणसांची गर्दी. तुमच्या तळहातांवरचे घट्टे तुम्हाला आज मानाचे वाटतात. १८१३ साली दुसरी 'कॉर्नवॉलिस', १८१५ साली 'वेलस्ली'. होय, तोच वेलस्ली, जो तुमच्या पुण्यात आला होता. त्याच्या नावाच्या जहाजाच्या वांकांना आकार द्यायला तुमचे हात लागलेत.

मग येते 'त्रिंकोमाली'. तिचे पहिले आराखडे मुंबईला येताना वाटेतच गेले, कारण ते ज्या 'जावा' नावाच्या जहाजावर होते ते १८१२ साली अमेरिकनांनी लढाईत जिंकलं. नवे आराखडे आले, १८१६ साली पठाणात चांदीचा खिळा बसला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात. तुम्ही गोदीच्या कठड्यावर टेकून बघता. साडेतीनच आठवड्यांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीला पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई होते. नोव्हेंबर सरायच्या आत बाजीराव पुणं सोडून पळालेले असतात. तुमच्या हडपसरच्या शिवारावर आता दुसरं निशाण.

इथे थोडं थांबा. गोदीत सगळे पगार मोजून घेतात, तुम्हीही घेता. पण ज्या सत्तेने तुमचं गाव घेतलं तिच्याच आरमाराचा कणा तुम्ही घडवलात, हे रात्री झोपताना आठवतं. १८४२ साली चीनवर लादलेला नानकिंगचा तह त्याच दुसऱ्या 'कॉर्नवॉलिस'च्या डेकवर झाला. पहिल्या अफूच्या युद्धाचा तो शेवट. या घराण्याच्या कीर्तीत हा डागही आहे आणि तो झाकून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. हाताच्या कौशल्याला लोक दाद देतात, पण ते कुणाच्या कामी आलं हे विचारणंही आपलं काम आहे.

१८२१ साली जमशेटजी गेले. ग्रीनिचच्या संग्रहालयातल्या त्यांच्या चित्रात हातात कंपास आहे आणि कमरेला कंपनीने मान म्हणून दिलेली चांदीची मोजपट्टी. तलवार नाही, मोजपट्टी!

आता झपाट्याने पुढे चला. लाकडाचं युग संपतं. त्याच घराण्यातले अर्देशर करसेटजी १८३३ साली 'इंडस' ही वाफेची बोट बांधतात, १८३४ साली माझगावच्या आपल्या घरात गॅसचे दिवे लावतात, आणि १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य होणारे पहिले भारतीय ठरतात. लोखंड येतं, गोदीत सागवान कमी होतं, आणि लवजींच्या वंशातली माणसं व्यापारात, मग गिरण्यांत शिरतात. १८७९ साली नौरोसजी नसरवानजी वाडियांनी बॉम्बे डाईंग काढली. जहाजबांधणी बंद झाली की पैसा नुसता साठत राहायला हवा होता. तसं झालं नाही. हीच गोष्ट सांगायला मी तुम्हाला इतक्या लांब आणलंय.

मोतलीबाई वाडिया या वंशातल्याच, जे. जे. रुग्णालयाच्या आवारातलं बाळंतिणींचं रुग्णालय त्यांच्या देणगीतून उभं राहिलं. नौरोसजी गेल्यावर त्यांच्या पत्नी जेरबाईंनी गरीब पारशांसाठी बागा उभारायला घेतल्या. भाडं परवडेल अशी, हवा आणि उजेड असलेली घरं. लालबागची नौरोझ बाग हे त्यांतलं पहिलं काम. त्यांचे मुलगे कसरो आणि नेस यांनी आईवडिलांच्या नावाने परळला दोन रुग्णालयं काढली: १९२६ साली प्रसूतीसाठी नौरोसजी वाडिया, १९२९ साली मुलांसाठी बाई जेरबाई वाडिया. परळचा पट्टा म्हणजे गिरणगाव. कोकणातून आणि देशावरून आलेली बायामाणसं तिथे चाळीत राहतात. तुम्ही परळला उतरून बघा. साताऱ्याकडची एक बाई तान्ह्याला छातीशी धरून रांगेत उभी आहे. पोराला ताप आहे. तिला वाडिया कोण, लवजी कोण, काही माहीत नाही. तिला मुलांचा डॉक्टर हवाय, आणि तो समोर बसलाय. खुद्द दात्यांच्या गिरणीतल्या मजुरीवर तिचं घर चालत असेल, आणि ती मजुरी पुरेशी नाही हेही खरं. देणगी आणि मजुरी या दोन गोष्टी एकमेकींच्या बदल्यात धरता येत नाहीत. पण पोराचा ताप उतरणार आहे, त्याची किंमत मी कमी करणार नाही.

शेवटचा मुक्काम पुणं, १९३२. प्राचार्य वै. का. जोग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉडर्न एज्युकेशन सोसायटी काढलीय. पैसा तुटपुंजा. कॅम्प आणि स्टेशन भागातल्या मुलांना नदीपलीकडच्या कॉलेजांत जायला लांब पडतं. सर कसरो वाडियांनी वडिलांच्या नावाने मोठी देणगी दिली आणि नौरोसजी वाडिया महाविद्यालय उभं राहिलं. १९३८ साली त्याच आवारात कसरो वाडियांच्या नावाने विजेच्या तंत्रशिक्षणाची संस्था आली. आता कारागिराला वाकसाऐवजी तांब्याची तार आणि मीटर. बापजाद्याचं कसब पोटाला पुरत नाही हे तुम्ही १८०३ साली स्वतः भोगलंय, तेव्हा वेळ घालवू नका. पणतूला सायकलवर बसवा. सोलापूर रस्त्याने सरळ पुलगेट गाठायचं, तिथून कॅम्पातून स्टेशनकडे. कचेरी सकाळीच उघडते.