मोहर्लीच्या डोंगरातील दोन नद्या : इरई आणि अंधारी

गावाचा इतिहास गावच्या पाण्यापासून सुरू होतो. भद्रावती तालुक्यातील मोहर्ली गावाच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. गावाच्या एका अंगाला इरई धरणाचे पाणी, तर दुसऱ्या अंगाला ताडोबा-अंधारीचे अरण्य. या अरण्यातील टेकड्या फार उंच नाहीत. परंतु पाण्याची वाटणी त्याच करतात. स्थूलमानाने पश्चिमेकडील उतारांचे पाणी इरईला जाते व पूर्वेकडील पाणी अंधारीला.

अंधारी ही खरी अरण्यकन्या. साग-बांबूच्या दाट रानातून, टेकड्यांमधल्या दरीतून ती दक्षिणेकडे वाहते. उन्हाळ्यात तिची धार तुटते. मग डोहांतील पाण्यावरच वाघ, गवे व चितळ तहान भागवितात. ताडोबा राष्ट्रीय उद्यान 1955 साली झाले. त्यालगत 1986 साली झालेल्या अभयारण्यास याच नदीचे नाव दिले गेले. पुढे 1995 साली दोहोंचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला.

इरईचे भाग्य वेगळे. चिमूरकडील टेकड्यांत उगम पावणारी ही नदी शंभर किलोमीटरसुद्धा लांब नाही. परंतु गोंड राजांची राजधानी चांदा तिच्याच आश्रयाने वसली. खांडक्या बल्लाळशहा राजाच्या अंगावरील व्रण झरपट नदीच्या डोहातील पाण्याने बरे झाले व तेथे अचलेश्वराचे मंदिर उभे राहिले, अशी आख्यायिका आहे. ती झरपट चंद्रपुरासच इरईला मिळते.

या खोऱ्यात जमिनीखाली दगडी कोळसा आणि वर नदीचे पाणी, म्हणून येथे औष्णिक वीज केंद्र उभे राहिले. त्याचा पहिला संच 1983 साली सुरू झाला. त्यासाठी इरईवर धरण झाले आणि मोहर्लीजवळची वाहती नदी विस्तीर्ण जलाशय झाली. आज केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे. महाराष्ट्रातील कितीतरी घरांतील दिवे या लहानशा नदीच्या पाण्यावर लागतात, हे मोहर्लीकरांना अभिमानास्पद आहे.

परंतु नदीचीही एक मर्यादा असते. 2010 च्या उन्हाळ्यात धरणातील पाणी आटले व वीज केंद्रातील संच बंद ठेवावे लागले. उलट जुलै 2022 मध्ये धरणाचे दरवाजे उघडावे लागले, वर्धेच्या पुराचा फुगवटाही मागे चढला आणि चंद्रपूरच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. टंचाई आणि पूर, दोन्हींची गुरुकिल्ली बऱ्याच अंशी डोंगरावरच्या झाडांत आहे. रान पावसाचे पाणी अडविते, जिरविते आणि हळूहळू सोडते. रान उघडे पडले, तर तेच पाणी माती घेऊन एकदम खाली येते व धरण गाळाने भरते.

मोहर्लीच्या डोंगरावर वेगळे झालेले पाणी कायमचे दुरावत नाही. इरई हडस्तीजवळ वर्धेला मिळते. ज्या वैनगंगेच्या काठी मार्कंडा देवस्थान आहे, त्या वैनगंगेला अंधारी मिळते. गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ वर्धा-वैनगंगेचा संगम होऊन प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ, पैलतीरावरील कालेश्वराच्या साक्षीने, ती गोदावरीत विलीन होते. म्हणजे मोहर्लीच्या टेकडीवर पडलेला थेंब कोणत्याही बाजूने उतरला, तरी शेवटी गंगा-गोदावरीलाच पोहोचतो.

देवळाचा जीर्णोद्धार दगड-चुन्याने होतो; नदीचा जीर्णोद्धार तिच्या डोंगरावरील रान राखल्याने होतो. पहिले कार्य गावाने व दात्यांनी मनावर घेतले, तसेच दुसरेही घ्यावे. देवाच्या अभिषेकाला पाणी शेवटी याच डोंगरातून येते.