अकरा मैल: वर्धा, सेवाग्राम, पवनार आणि एक सायकल

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की भाऊ, इतिहास सांगता सांगता मध्येच तुमचा श्वास का फुलतो? तर त्याचं कारण म्हणजे मी अर्धा एपिसोड सायकलवरून उतरल्या-उतरल्या रेकॉर्ड केला होता. आजचा एपिसोड त्या सायकलच्याच रस्त्यावर आहे. ऐकायचं असेल तर ऐका, नाहीतर खाली सगळं लिहून दिलंच आहे.

मी मूळचा वर्ध्याचा. बी.टेक. झालं, पुण्यात नोकरी लागली, मग लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आलो आणि बराच काळ इथंच राहिलो. दिवसभर खुर्चीत बसून पाठ आखडली म्हणून गिअरची सायकल घेतली. पहिल्यांदा चाळीस किलोमीटर झाले त्या दिवशी अ‍ॅपचा स्क्रीनशॉट बाबांना दाखवला. बाबांनी चष्मा वर केला, नकाशावरची लाल रेघ पाहिली आणि विचारलं, "बरं. पण काम काय होतं तिकडे?"

बाबांनी तरुणपणी सहा-सात वर्षं गावाहून वर्ध्याला रोज सायकलनं अप-डाऊन केलंय. काळी जड सायकल, मागे कॅरिअरला डबा. त्याला ते कधी 'सायकलिंग' म्हणाले नाहीत. त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. या रस्त्यांवरून आधी कोण जायचं, आणि त्यांचं काम काय होतं?

आधी वर्धा शहराचं थोडक्यात. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा झाला आणि १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी हे शहर वसवलं गेलं. १८६७ मध्ये मुंबईकडून येणारी रेल्वे नागपूरला पोहोचली, ती वर्ध्यावरूनच. इथल्या काळ्या मातीतला कापूस बाहेर न्यायचा होता. बंडीभर कापूस स्टेशनकडे आणायचा, हे रस्त्याचं काम. कापसाच्या वाटेवर नसलेल्या गावाकडे धड रस्ता असण्याचं कारणच नव्हतं. शेगाव हे असंच एक गाव.

हे गजानन महाराजांचं शेगाव नाही. हे वर्ध्यापासून पाचेक मैलांवरचं छोटं खेडं, आजचं सेवाग्राम. दोन्ही नावं सारखी असल्यामुळे गांधीजींची टपाल बुलढाण्याच्या शेगावला जायची, म्हणून १९४० मध्ये नाव बदललं. (पत्त्यातल्या गोंधळामुळे गावाचं नाव बदलावं लागणं, हे माझ्यासारख्या डेटाबेसवाल्याला फार जवळचं वाटतं.)

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला राहायला गेले. त्याआधी ते वर्ध्यात मगनवाडीला होते. ही जागा जमनालाल बजाजांनी ग्रामोद्योग संघाला दिलेली. शेगावला एकटंच राहायचं, आश्रम वगैरे काढायचा नाही, कस्तुरबांना वाटलं तर त्या येतील, असा त्यांचा मूळ बेत होता. गावात पोस्ट नव्हतं, पावसाळ्यात वाट चिखलात जायची. साधं राहायचं तर असंच गाव हवं, हे खरंच. पण देशभरातून येणारी पत्रं, तारा, 'हरिजन' साप्ताहिकाचे लेख आणि भेटायला येणारी माणसं यातलं काही थांबणार होतं का? ते सगळं वर्ध्यालाच येत राहिलं. आणि वर्ध्याहून शेगावला ते कुणाला तरी न्यावं लागणार होतं.

ते काम महादेव देसाईंकडे आलं. १९१७ पासून गांधीजींचे सचिव. जन्म १८९२ चा, म्हणजे तेव्हा वय चव्वेचाळीस. ते कुटुंबासह मगनवाडीलाच राहिले. सकाळी साडेपाच मैल चालत शेगावला, दिवसभर काम, संध्याकाळी साडेपाच मैल परत. त्यांचे चिरंजीव नारायण देसाई तेव्हा लहान होते. त्यांनी वडिलांच्या चरित्रात हे लिहून ठेवलंय, आणि कधीकधी एकाच दिवसात दुसरी खेप व्हायची हेही.

आता थोडं गणित करू. अकरा मैल म्हणजे सुमारे पावणेअठरा किलोमीटर. ताशी पाच किलोमीटरच्या चालीनं रोज साडेतीन तास नुसते रस्त्यात. महिन्यातले पंचवीस दिवस धरले तर चारशे चाळीस किलोमीटर होतात. दुसऱ्या खेपा यात धरलेल्याच नाहीत.

आणि ऊन! विदर्भाबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो, मे महिन्यात वर्ध्यात पंचेचाळीस अंश ही बातमी नसते. जून १९४२ मध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर सेवाग्रामला आठवडाभर राहिला. उकाडा त्याला असह्य झाला तेव्हा तो पाण्याच्या टबात बसला, समोर खोक्यावर टाइपरायटर ठेवला आणि अंगावर पाणी ओतून घेत टाइप करत राहिला. हा माणूस सावलीत बसून काम करत होता, आणि तेही एकच आठवडा.

मी एकदा ठरवून मे महिन्यात दुपारी अडीचला मगनवाडीच्या फाटकापासून निघालो, चालत. तीन किलोमीटरवर डोकं गरगरायला लागलं. रस्त्याकडेच्या रसवंतीवाल्या काकांनी मला बाकावर बसवलं, ग्लास हातात दिला आणि म्हणाले, "कायले जीव देता राजेहो? सायकल नाही का घरी?" पुढचं अंतर मी ऑटोनं गेलो. तेच अंतर सायकलवर पहाटे मला पंचवीस मिनिटं लागतात.

१९३८ मध्ये रक्तदाबानं महादेवभाई आजारी पडले. नंतर ते सेवाग्रामलाच राहायला आले. आश्रमात आजही 'महादेव कुटी' आहे. पर्यटक बापू कुटी बघतात, आदि निवास बघतात, व्हाइसरॉयशी बोलण्यासाठी बसवलेला टेलिफोन बघून फोटो काढतात, आणि महादेव कुटीसमोरून पुढे जातात. मीही शाळेच्या सहलीत तसाच पुढे गेलो होतो. ९ ऑगस्ट १९४२ ला अटक झाली आणि १५ ऑगस्टला आगाखान पॅलेसमध्ये त्यांचं निधन झालं. वय पन्नास. हृदय थांबायला ते चालणंच कारण ठरलं असं मी म्हणणार नाही, तो डॉक्टरांचा विषय. पण एका माणसाच्या साधेपणाचा हिशोब मांडताना दुसऱ्याच्या पायांचे मैल कुठल्या रकान्यात टाकायचे, हा प्रश्न मला त्या रस्त्यावर दरवेळी पडतो. गांधीजींबद्दलचा माझा आदर त्यानं कमी झालेला नाही. पण प्रश्न आहे.

या रस्त्यावर सावली देणारी जुनी झाडं आहेत. २०२० मध्ये रुंदीकरणासाठी ती तोडायला सुरुवात झाली तेव्हा वर्ध्यातले लोक विरोधात उभे राहिले आणि तोड थांबवावी लागली. तेव्हा मला ते भावनिक प्रकरण वाटलं होतं. रसवंतीच्या बाकावर बसल्यावर मत बदललं.

सेवाग्रामहून नागपूर रोडला लागलात की पवनार. इथं धाम नदी खडकांमधून वाहते. हिवाळ्यात सकाळी पुलावर थांबा, धुकं पाण्यावरून सरकताना दिसतं. १९३८ मध्येच विनोबा इथं आले, आणि ते मात्र मोटारीतून, कारण चालण्याइतकी ताकदच नव्हती. जमनालालजींच्या नदीकाठच्या बंगल्यात राहून त्यांनी हळूहळू खणायला सुरुवात केली. थोडं थोडं, रोज. तब्येत सुधारली आणि जमिनीतून वाकाटक काळातली शिल्पं निघाली! भरत-राम भेटीचं शिल्प त्यातलंच. वा. वि. मिराशींनी पवनार म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर असं मांडलं. इतर काही अभ्यासक तो मान रामटेकजवळच्या मनसरला देतात. त्यावर वेगळा एपिसोड करू. आणि ज्यांना मोटारीतून आणावं लागलं होतं, तेच विनोबा मार्च १९५१ मध्ये हैदराबादकडे पायी निघाले, १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदान सुरू झालं, आणि पुढे ते जवळपास तेरा वर्षं चालत राहिले.

खरी मांडी भरून येते ती याच्यापुढे. पवनारहून सेलू, सेलूहून डावीकडे हिंगणी, मग बोर धरण. वर्ध्याहून एका बाजूनं तीस-पस्तीस किलोमीटर. हिंगणीनंतर कपाशीची सपाट शेतं संपून टेकड्या आणि सागाचं जंगल सुरू होतं, रस्ता वरखाली होऊ लागतो. बोर नदीचं हे खोरं १९७० पासून अभयारण्य आणि २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, तेव्हा उजाडल्यावरच जा आणि अंधाराआधी परता. बोर काय, धाम काय, दोघींचं पाणी शेवटी वणेतून वर्धा नदीलाच मिळतं. जास्तीची ट्यूब ठेवा, बाभळीचा काटा कुठलाच ब्रँड ओळखत नाही. पावसाळ्यात डांबर सोडून खाली उतरू नका. काळी माती चाकाला अशी चिकटते, की सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

मागच्या रविवारी हे सगळं बाबांना सांगितलं. अकरा मैलांचं ऐकून ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "रोज जाणाऱ्याला किती झाले ते मोजायला सुचत नाही." आणि माळ्यावरून त्यांची जुनी सायकल खाली काढायला लावली. चेन गंजलीय, सीटचं कव्हर उंदरांनी खाल्लंय. दुरुस्तीला टाकलीय. दुकानदार म्हणतो, शनिवारपर्यंत होईल.