कात टाकणाऱ्या जिवांचे राखणदार : टॅरेंटुला आणि भंडाऱ्याचा कोसा

मंडळी, टॅरेंटुला कोळी पाळणारे लोक त्याच्या छायाचित्रांच्या मालिका करतात, त्या तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. पहिल्या चित्रात नखाएवढं पिल्लू, मग प्रत्येक कातीनंतर थोडं मोठं, आणि शेवटी तळहाताएवढा केसाळ कोळी. मध्येच एका चित्रात तो उताणा पडलेला दिसतो. नवख्याला वाटतं, गेला बिचारा! पण तो कात टाकत असतो. अशा वेळी त्याला हात लावायचा नाही. नवी कातडी टणक होईपर्यंत जिवंत भक्ष्यही सोडायचं नाही, कारण एखादा रातकिडासुद्धा त्याला जखमी करू शकतो. टाकलेली कात मात्र जपून ठेवतात, तिच्या आतल्या बाजूवरून नर की मादी हे ओळखता येतं.

हा छंद आपल्याकडे नवा आहे. पण कात टाकणारा जीव पाळायचा, त्याची वाढ डोळ्यांत तेल घालून पाहायची, हे काम भंडारा जिल्ह्याला नवं नाही. आपल्या ढिवर समाजातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या कोशाची अळी पाळत आली. तलावात मासे धरणारे हेच लोक पावसाळ्यात जंगलात जाऊन ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या चढवतात. ऐन म्हणजे आपल्या झाडीपट्टीतला येन. तुतीचा किडा घरात, ट्रेमध्ये वाढतो. कोशाच्या अळीचं घर म्हणजे उघडं झाड. त्यामुळे पाळणारा तिला घरी आणत नाही, तोच तिच्याकडे राहायला जातो.

ही अळी चार वेळा कात टाकते आणि पाच अवस्थांतून जाते. अंड्यातून निघते तेव्हा तपकिरी असते, मग हिरवी होते, इतकी हिरवी की पानात सापडत नाही. कात टाकण्याआधी ती खाणं थांबवते, डोकं वर करून निश्चल बसते. पायाखाली रेशमाचे बारीक धागे घालून स्वतःला फांदीला घट्ट बांधून घेते, म्हणजे जुनी कातडी फांदीला अडकून राहते आणि अळी तिच्यातून पुढे सरकून बाहेर येते. एका झाडाचा पाला संपला की अळ्यांसकट डहाळ्या कापून दुसऱ्या झाडावर ठेवतात. पण कातीला बसलेली अळी ओढली तर ती फाटते किंवा जुन्या कातडीत अडकून मरते. म्हणून जाणता पाळणारा आधी पाहतो, कोण खातंय, कोण बसलंय. टॅरेंटुलावाला जे शिकतो तेच हे, फक्त इथे एका पेटीऐवजी झाडंच्या झाडं सांभाळायची, आणि वर पक्षी, मुंग्या, गांधीलमाशा हाकलायच्या.

मध्य आणि पूर्व भारतातल्या कोसा पाळणाऱ्यांबद्दल इंग्रजी काळातल्या नोंदी वाचल्या की एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते, ती म्हणजे सोवळं. हंगामात मांस-मासे खायचे नाहीत, बायकोपासून दूर राहायचं, शिवाशीव पाळायची. लिहिणाऱ्यांनी हे बहुतेक अंधश्रद्धेच्या खात्यात टाकलं. आम्हाला तसं वाटत नाही. रात्रंदिवस झाडाखाली राखण करायची असेल तर घरी जाता येतच नाही, आणि नियमाने बांधलेला माणूस जागा सोडत नाही. शिवाय या अळ्यांना साथीचे रोग होतात. पेब्रिन हा रोग मादीकडून अंड्यात उतरतो, हे फ्रान्समध्ये लुई पाश्चरने तुतीच्या किड्यावर 1865 नंतरच्या काही वर्षांत अभ्यास करून दाखवलं. माणसांची ये-जा कमी ठेवणं हे अशा ठिकाणी शहाणपणाचंच होतं. सोवळ्यात सगळंच शहाणपण होतं असा आमचा दावा नाही. शिवाशिवीत जातही होतीच.

आता हे दोन्ही जीव एकाच वहीत आणणारी एक बाई सांगतो. मारिया सिबिला मेरियन, जन्म 1647, फ्रँकफर्ट. तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळले आणि त्यांच्या अवस्था चितारायला सुरुवात केली. छायाचित्र नव्हतं, ब्रश होता. पुढे 1699 मध्ये ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली आणि 1705 मध्ये तिचा ग्रंथ निघाला. त्यातल्या अठराव्या चित्रात मोठा कोळी एका छोट्या पक्ष्याला खातोय. एकोणिसाव्या शतकातल्या काही पंडितांनी त्याला थाप ठरवलं. मग 1863 मध्ये हेन्री बेट्सने ॲमेझॉनच्या प्रवासात असा कोळी आणि त्याच्या तावडीतले पक्षी पाहिल्याचं लिहिलं, आणि बाई खरी ठरली. मात्र तिला अळ्या आणून देणाऱ्या, झाडांची माहिती सांगणाऱ्या गुलाम बायकांची नावं त्या ग्रंथात नाहीत.

आपल्याकडेही तसंच. इंग्लंडमधल्या लीक गावच्या थॉमस वॉर्डल यांनी कोशाला रंग कसा धरेल याचे प्रयोग केले, 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात ते कापड मांडलं, 1881 मध्ये भारतातल्या रानरेशमांवर पुस्तक लिहिलं. माणूस मोठा, काम मोठं. पण धागा, रंग, कापड यांचा इतिहास सापडतो आणि झाडाखाली बसलेल्याचा सापडत नाही. कोष्टी विणकराचं नाव निदान पातळाच्या काठाबरोबर निघतं, ढिवराचं निघत नाही.

स्वातंत्र्यानंतर केंद्रीय रेशीम मंडळ आलं, 1964 मध्ये रांचीला टसर संशोधन संस्था झाली, भंडाऱ्यालाही संशोधन केंद्र आलं. शास्त्रज्ञांनी या अळीचे प्रदेशवार वाण नोंदवले, त्यांत एकाचं नावच ‘भंडारा’ आहे. जिल्ह्याचं नाव किड्याला मिळालं! पण हा वाण ज्यांनी झाडावर टिकवला त्यांच्या हंगामांचं चित्र कुठे? टॅरेंटुलाच्या एकेका कातीची छायाचित्रं जगभर साठत आहेत. आपल्या कोशाच्या चार काती, त्या ओळखणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडून, त्याच झाडाखाली टिपायला हातातला फोन पुरतो. वय झालेले पाळणारे कमी होताहेत, तेव्हा हे येत्या एक-दोन पावसाळ्यांत व्हायला हवं. आणि हो, नागझिऱ्यातून किंवा कोक्यातून कोळी उचलून आणायचा विचार कुणी करू नका. अभयारण्यातून जीव उचलणं गुन्हा आहे, आणि पोइसिलोथेरिया या आपल्या झाडावरच्या टॅरेंटुलांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2019 पासून नियंत्रण आहे.

बियाण्याचे कोश उन्हाळाभर टांगून ठेवतात. आत जीव झोपलेला असतो. पावसाच्या सुमारास पतंग बाहेर येतो. त्याला खायला तोंड नसतं, थोड्याच दिवसांत अंडी घालून तो मरतो, आणि पाळणारा पुन्हा येनाकडे निघतो. पुढच्या व्याख्यानात आपण हाच धागा धरून आंधळगावच्या मागांकडे जाऊ. आता प्रश्न घेऊया.