काशीच्या भट्टांचा निवाडा

सोळाव्या शतकाच्या आरंभी पैठणात रामेश्वरभट्ट नावाचे एक विश्वामित्रगोत्री ऋग्वेदी पंडित शिष्यांना शास्त्रे शिकवत असत. मूल नव्हते. पैठण सोडून ते कोल्हापूरला गेले, तेथून विजयनगरला, पुढे द्वारकेला. याच भ्रमंतीच्या काळात, शके १४३५ च्या चैत्रात म्हणजे इसवी सन १५१३ मध्ये, त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव नारायण. अखेर हे कुटुंब काशीला स्थिरावले आणि पैठणचे भट्ट काशीचे झाले. एवढा तपशील आपल्या हाती आहे तो रामेश्वरभट्टांचे नातू शंकरभट्ट यांच्यामुळे. त्यांनी ‘गाधिवंशानुचरित’ या नावाने आपल्या घराण्याचा वृत्तांत संस्कृतात लिहून ठेवला. विसाव्या शतकाच्या आरंभी हरप्रसाद शास्त्री यांनी त्याच्या आधारे काशीच्या दक्षिणी पंडितांवर लेख लिहिला, तेव्हा हा इतिहास अभ्यासकांपुढे आला. आपल्या पंडितांना स्वतःच्या जन्मतिथीविषयी बोलण्याची फारशी हौस नसे. त्यामुळे शंकरभट्टांचे उपकार मानायचे, मात्र नातवाच्या लेखणीतला आजोबांचा अभिमान थोडा वजा करून वाचायचे.

नारायणभट्टांनी काशीत जे उभे केले, त्याला न्यायपीठच म्हणावे लागेल, जरी त्याला ना राजाची सनद होती ना शिपाई. प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांच्या विधींवर त्यांनी ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिला, गृह्य संस्कारांवर ‘प्रयोगरत्न’ लिहिला. अकबराच्या दरबारातील तोडरमलाच्या साहाय्याने १५८५ च्या सुमारास विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे राहिले, त्यातही त्यांचा पुढाकार होता. त्यांना जगद्गुरू म्हणत, आणि काशीच्या पंडितसभेत अग्रपूजेचा मान पिढ्यान्‌पिढ्या याच घराण्याकडे राहिला. मोगल अमलात फौजदारी आणि महसूल सरकारी अंमलदारांच्या हाती असे. पण दत्तक कोणाला घेता येईल, वारसा कोणाकडे जाईल, अमुक जातीच्या पंक्तीला बसावे की नाही, असे प्रश्न देशावरून आणि कोकणातून थेट काशीला येत. विश्वेश्वराच्या आवारातील मुक्तिमंडपात सभा भरे, वचने काढली जात, खल होई आणि शेवटी निर्णयपत्र लिहून त्यावर पंडितांच्या सह्या पडत. १६५७ मध्ये देवरुख्या ब्राह्मणांच्या दर्जाविषयी असेच एक निर्णयपत्र झाले. ते अमलात आणायला सभेकडे एकच हत्यार होते, समाजाची मान्यता. ज्ञातिबहिष्काराच्या भीतीने जे साधे ते काझीच्या हुकमानेही साधत नसे. हे हत्यार किती क्रूरपणे चालू शकते, हेही आपण विसरू नये.

तिसऱ्या पिढीत या घराण्याला बहर आला. नारायणभट्टांचा मुलगा रामकृष्ण, त्याचे मुलगे दिनकर आणि कमलाकर. दुसरा मुलगा वृत्तांतकार शंकरभट्ट, त्याचा मुलगा नीलकंठ. कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पुरा केला. कोणते व्रत कोणत्या तिथीला, कोणते श्राद्ध केव्हा, याचा वाद पडला की पंचांगकर्ते आजही त्याच्याकडे वळतात. नीलकंठभट्टांना आश्रय मिळाला तो यमुना-चंबळच्या संगमाजवळील भरेहच्या भगवंतदेव राजाचा. त्याच्या नावाने ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा ग्रंथ झाला. त्यातला ‘व्यवहारमयूख’ कर्ज, साक्ष, वाटणी आणि वारसा यांविषयी आहे. कमलाकर आणि नीलकंठ चुलतभाऊ, एकाच विद्येत वाढलेले, तरी दोघांचे निर्णय पुष्कळदा जुळत नाहीत. माझ्या मते या घराण्याची खरी श्रीमंती याच मतभेदांत आहे.

दिनकरभट्टांचा मुलगा विश्वेश्वर, म्हणजे आपल्या सर्वांच्या माहितीचे गागाभट्ट. १६६४ मध्ये राजापूरला शेणवी ज्ञातीच्या अधिकारांविषयीचा निर्णय त्यांनी दिला. १६६९ मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने विश्वेश्वराचे मंदिर पाडले गेले, त्याबरोबर मुक्तिमंडपही गेला. पाचच वर्षांनी, ६ जून १६७४ रोजी, गागाभट्टांनी रायगडावर शिवाजीमहाराजांना राज्याभिषेक केला. पणजोबांनी उभारलेले देवालय जमीनदोस्त झालेले आणि पणतू दक्षिणेत सिंहासनापुढे मंत्र म्हणत उभा, असा हा काळ. याच सुमारास, १६८१ मध्ये, दूर एडिंबरात लॉर्ड स्टेअर हा न्यायाधीश स्कॉटलंडचा कायदा एका ग्रंथात बांधत होता. त्याच्याही घरात न्यायासन मुलाकडे गेले. त्याच्यामागे मात्र १५३२ पासून चालत आलेले सरकारी न्यायालय होते. भट्टांच्या मागे होते ते त्यांचे घर आणि त्यांच्या पोथ्या.

पोथ्यांना न्यायालय मिळाले ते इंग्रजांच्या काळात. बोराडेल या अधिकाऱ्याचे ‘व्यवहारमयूखा’चे इंग्रजी भाषांतर १८२७ मध्ये सुरतेत छापले गेले. अदालतींत शास्त्री नेमलेले असत, साहेब प्रश्न विचारी आणि शास्त्री पोथी उघडी. १८६४ मध्ये ही पदे मोडली आणि पोथी थेट न्यायाधीशाच्या टेबलावर आली. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे मयूख हा ‘मिताक्षरा’ या जुन्या धर्मशास्त्रग्रंथाहून वरचढ, उरलेल्या महाराष्ट्रात मिताक्षरा आधी, असा दंडक पडला. १८८० मध्ये विश्वनाथ नारायण मंडलिकांनी आणि १९२६ मध्ये पांडुरंग वामन काणे यांनी ‘व्यवहारमयूख’ संपादून छापला.

याचा परिणाम बायकांच्या वाट्यावर झाला. विधवेला पतीच्या परवानगीशिवाय दत्तक घेता येईल का? वसिष्ठाचे वचन आडवे येई. नीलकंठभट्टांनी अर्थ लावला तो असा, की परवानगीची अट नवरा हयात असेपर्यंतचीच. कमलाकरभट्टही येथे त्यांच्याच बाजूचे, आणि ‘संस्कारकौस्तुभ’कार अनंतदेवही, हे अनंतदेव पैठणच्याच एकनाथांच्या वंशातले. पश्चिम भारतातील विधवांना म्हणून हा अधिकार मिळाला. बंगालमध्ये पतीची स्पष्ट आज्ञा लागे. बहिणीच्या वारशाचेही तसेच. बहीण भावाच्याच कुळात जन्मली, तेव्हा तीही त्या कुळातलीच, असे सांगून नीलकंठभट्टांनी तिला आजीच्या लगेच मागे बसवले. १८६४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मुंबई इलाख्यातील विनायक आनंदराव विरुद्ध लक्ष्मीबाई या दाव्यात बहिणींचा वारसा मान्य केला. मिताक्षरेच्या इतर प्रांतांत बहिणीला वारस म्हणून जवळचे स्थान मिळायला १९२९ चा कायदा यावा लागला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने जुन्या ग्रंथांचा अंमल संपवला आणि त्याच्या परिशिष्टातील दुसऱ्या वर्गात भाऊ व बहीण यांना एकाच नोंदीत ठेवले.