टोपीकरांच्या गावाला, व्हाया वेंगुर्ला

जानेवारी संपत आला की आयटीवाल्यांच्या कॅन्टीनमध्ये एक चर्चा हमखास सुरू होते. अप्रेझलचं जे व्हायचं ते होवो, यंदा युरोप करायचाच! एप्रिलमध्ये दोन आठवडे रजा टाकायची. तेव्हा तिकडे वसंत असतो, थंडी सरलेली असते आणि उन्हाळ्याची गर्दी अजून सुरू व्हायची असते. इथवर सगळ्यांचं एकमत. मग येतो खरा प्रश्न, जायचं कुठे? एक्सेल शीट उघडते. एक कॉलम स्वित्झर्लंडचा (यश चोप्रांची कृपा), एक पॅरिसचा, एक व्हेनिसचा. शेवटी 'चौदा दिवसांत सात देश' असलं काहीतरी ठरतं आणि परत आल्यावर कुठला फोटो कुठल्या देशातला हे तारखेवरून शोधावं लागतं.

यात वाईट काही नाही. आल्प्स सुंदरच आहेत. पण सगळंच सुंदर असेल तर निवडायचं कशाच्या जोरावर? माझं गाव मालवणकडचं, त्यामुळे मी हा प्रश्न जरा उलटा करून बघितला. आपण युरोपात कुठे जायचं हे ठरवण्याआधी, युरोपातून आमच्या किनाऱ्यावर कोण कोण आलं होतं?

गंमत म्हणजे याची तयार यादी आपल्याकडे तीनशे वर्षांपासून आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास 'आज्ञापत्र' लिहिलं, त्यात टोपीकरांवर वेगळा मजकूर आहे. टोपीकर म्हणजे हॅट घालणारे युरोपियन. अमात्य त्यांची नावं देतात: फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसिस आणि डिंगमार. म्हणजेच पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच आणि डॅनिश. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की हे लोक इतर सावकारांसारखे नुसते व्यापारी नव्हेत, प्रत्येकाच्या मागे एक राज्य उभं आहे. व्यापार करू द्या, पण वखारीला जागा द्यायची तर समुद्रापासून लांब द्या आणि पक्कं बांधकाम करू देऊ नका.

पाच देश, दोन आठवडे. थोडी छाटणी करायला लागणार. माझा फिल्टर एकच: सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्याशी ज्यांचा घट्ट संबंध आला, तेवढेच ठेवायचे.

डिंगमार पहिल्याच फेरीत बाद. डॅनिश लोकांचं मुख्य ठाणं तिकडे तमिळ किनाऱ्यावर, तरंगमबाडीला. फ्रेंचांची वखार राजापूरला होती, पण ते आताच्या रत्नागिरी जिल्ह्यात. पॅरिस पुढच्या वेळी. इंग्रजांना वगळणं मात्र अवघड. १७६५ मध्ये त्यांनी कोल्हापूरकरांकडून चक्क सिंधुदुर्ग किल्लाच घेतला आणि त्याचं नाव ठेवलं 'फोर्ट ऑगस्टस'! किल्ला सांभाळणं परवडेना, तेव्हा पुढच्याच वर्षी साडेतीन लाखांहून जास्त रुपये घेऊन परत दिला. १८१२ मध्ये मालवण कायमचं त्यांच्याकडे गेलं. पण लंडनचा व्हिसा वेगळा, खर्च वेगळा आणि चौदा दिवसांत तिन्ही देश कोंबले तर पुन्हा 'सात देश'वाली गत होणार. शिवाय लंडनला आपण ज्या वाघनखांसाठी जायचो, ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला पाठवली. (महाराजांनी वापरली ती हीच, याचा पुरावा नाही, हे ते म्युझियम स्वतःच सांगतं. असो.)

उरले फिरंगी आणि वलंदेज. पोर्तुगाल आणि नेदरलँड्स. दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे एका व्हिसात काम. जिथे जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा.

व्हिसावरून आठवलं. आज आपल्याला तिकडे जायला त्यांचा परवाना लागतो याची आपण कुरकुर करतो. सोळाव्या शतकात आपल्याच समुद्रात फिरायला त्यांचा परवाना लागायचा! त्याला म्हणत 'कर्ताझ'. हा कागद जवळ नसला तर पोर्तुगीज जहाज पकडून माल जप्त करत. मोगल आणि आदिलशहासुद्धा आपल्या जहाजांसाठी हे परवाने घेत. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं, ते या पार्श्वभूमीवर बघायला हवं. पोर्तुगीज, डच, इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या सगळ्यांना आमचाही समुद्रावर हक्क आहे हे सांगणारा तो दगडी कागद होता. पुढे कान्होजी आंग्र्यांनी तर स्वतःचे दस्तक काढायला सुरुवात केली.

आता वसंत ऋतूकडे येऊ. आपण एप्रिल निवडतो तो हवा चांगली म्हणून. पोर्तुगीजांची भारताकडची जहाजंही मार्च-एप्रिलमध्येच लिस्बनहून सुटत. तेव्हा निघालं तरच आफ्रिकेला वळसा घालून नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर सप्टेंबरपर्यंत गोवा गाठता येई. उशीर झाला तर वर्ष वाया. अरबी 'मौसिम'वरून पोर्तुगीजांचा 'मोंसाव' आला आणि त्यातून इंग्रजी मान्सून. आपला 'मोसम'ही त्याच घरचा. गोवा आणि लिस्बनमधल्या सरकारी पत्रव्यवहाराच्या बाडांचं नावच मुळी 'मान्सूनची पुस्तकं'. कारण टपाल वर्षातून एकदा, वाऱ्याबरोबर! त्यातले ६२ खंड अठराव्या शतकात गोव्याहून लिस्बनला गेले. ते तिथल्या तोर्रे दो तोंबो या अभिलेखागारात आहेत, बाकीचे पणजीत. व्यापाराचं मुख्यालय असलेलं 'कासा दा इंडिया' १७५५ च्या भूकंपात कागदांसकट नष्ट झालं, म्हणून या बाडांची किंमत आणखीच जास्त.

लिस्बनमध्ये बेलेमला नदीकाठी एक पूर्ण दिवस द्यावा. जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कबर आहे. मठ बांधायचा पैसा मसाल्याच्या व्यापारावरच्या करातून आला, म्हणजे त्या कोरीव दगडात मलबारची मिरी आहे. जवळच जहाजाच्या आकाराचं मोठं स्मारक आहे, दर्यावर्दी रांगेने वर चढतायत असं. ते जुनं वाटतं, पण आताचं पक्कं बांधकाम १९६० चं. पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा त्यांच्या हातून गेला. या दोन तारखा माहीत असल्या की तेच स्मारक वेगळं दिसायला लागतं. आणि बेकरीत गेलात की 'पाव' शब्द पोर्तुगीज आहे हे आठवेलच. चावी, बादली, काजू, अननस हे सगळे तिकडून आले. पगारसुद्धा! हापूस तर थेट अफोन्सो द अल्बुकर्कच्या नावाचा. (ऐन हापूसच्या मोसमात कोकण सोडून युरोपला जाणाऱ्याला हे निदान माहीत असावं.)

लिस्बनहून नेदरलँड्सला जाताना एका माणसाची सोबत घ्या. यान हाउखेन फान लिन्शोटेन. हा एनखाउझेन गावात वाढलेला डच तरुण एप्रिल १५८३ मध्ये लिस्बनहून निघाला आणि सप्टेंबरमध्ये गोव्याला पोचला. तिथल्या आर्चबिशपच्या पदरी कारकून म्हणून त्याने पाचेक वर्षं नोकरी केली आणि पोर्तुगीजांनी जपून ठेवलेली सागरी मार्गांची माहिती उतरवून घेतली. घरी परतल्यावर १५९६ मध्ये त्याने 'इतिनेरारियो' हे पुस्तक छापून सगळं जगासमोर मांडलं. आपल्या भाषेत सांगायचं तर डेटा लीक! काही वर्षांत, १६०२ मध्ये, डच ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. एनखाउझेन आम्स्टरडॅमहून रेल्वेने तासाभरावर आहे.

एप्रिलमध्ये हॉलंडला जाणारा प्रत्येकजण ट्यूलिप बघतोच, तुम्हीही बघा. फक्त एक साल लक्षात ठेवा, १६३७. त्या फेब्रुवारीत हार्लेममध्ये ट्यूलिपच्या कांद्यांचा सट्टा कोसळला. आणि त्याच वर्षी डचांनी विजापूरच्या आदिलशाहीशी बोलणी करून वेंगुर्ल्याला वखार मिळवली. वेंगुर्लाच का? तर गोवा जवळ, पण पोर्तुगीजांचं राज्य नाही. १६३६ पासून काही वर्षं डच आरमार दर मोसमात गोव्याची नाकेबंदी करायचं, आणि त्यांना पाणी, धान्य, बातम्या पुरवणारं ठिकाण वेंगुर्लं. १६६३ मध्ये कोची त्यांच्या हाती आल्यावर ही गरज कमी होत गेली. समुद्राजवळ पक्की वखार, म्हणजे अमात्यांनी पुढे जे करू नका म्हणून बजावलं, नेमकं तेच.

या वखारीतल्या कारकुनांनी जे बघितलं, ऐकलं ते लिहून बटाव्हियाला कळवलं. त्यात शिवाजी महाराजांच्या हालचालीही आल्या. तिथून कागद हॉलंडला गेले. आज हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कंपनीचे कागद सुमारे सव्वा किलोमीटर लांबीच्या फळ्यांवर आहेत. इमारत स्टेशनला अगदी लागून. २००३ पासून हे कागद युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या यादीत आहेत.

आता तुम्ही म्हणाल, स्कॅन ऑनलाइन आहेत की! बरोबर आहे. सुमारे पन्नास लाख पानांचं हस्ताक्षर कॉम्प्युटरकडून वाचून घेतलंय. वेंगुर्ल्याचं डच स्पेलिंग टाकून पुण्यात बसून शोधता येतं. मग जायचं कशाला? तर कागद काय लिहिलं ते सांगतात. लिहिणाऱ्यांची गावं आज त्याबद्दल काय आठवतात आणि काय विसरतात, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. होर्नच्या चौकात यान पीटरझून कून या कंपनीच्या गव्हर्नर-जनरलचा पुतळा आहे. १६२१ मध्ये बांदा बेटांवर जायफळासाठी यानेच कत्तल घडवली. २०१२ मध्ये पुतळ्याखालचा मजकूर बदलून त्यात हे नोंदवलं गेलं. ज्यांनी आपल्याला लुटलं त्यांच्याकडे पैसे खर्चून कशाला जायचं, असं विचारणाऱ्यालाही माझं हेच उत्तर. अमात्यांनी टोपीकरांचा द्वेष करा असं लिहिलं नाही, त्यांना नीट ओळखा असं लिहिलं. आणि ते आपले कागद ठेवतात तसे आपण ठेवतो का, हा प्रश्नही तिथेच टोचतो.

तर हिशोब असा. जायचे-यायचे दोन दिवस सोडून सहा दिवस लिस्बन, सहा दिवस नेदरलँड्स. स्वित्झर्लंड राहिलं तर राहू दे. पण त्याआधी एक वीकेंड वेंगुर्ल्याला द्या. कोकण रेल्वेने कुडाळला उतरा, पुढे एसटी. डच वखारीचे अवशेष अजून उभे आहेत, आणि दर पावसात थोडे कमी होतात. हेगचे कागद तापमान सांभाळून ठेवलेत, ते थांबतील. वखार किती थांबेल सांगता येत नाही. म्हणून बुकिंगचा क्रम ठरवताना पहिलं तिकीट कुडाळचं काढा, विमानाचं नंतर.